तलावाकाठची खोली, पाहुण्यांचा कुत्रा आणि पाण्यावरचे पक्षी

नागपूरच्या माणसाला कुत्रा सोबत घेऊन पाण्याकाठी दोन दिवस काढायचे असतील, तर कोकण फार लांब पडते. गाडीत कुत्रा असला की दर दोन तासांनी थांबावे लागते, म्हणजे जायलाच दीड दिवस. नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा, शिवनीबांध या भंडारा-गोंदियातल्या तलावांवर मात्र सकाळचा नाश्ता करून निघाले तरी जेवायला पोचता येते. म्हणून अलीकडे तलावाकाठच्या गावांत घरावर एखादी खोली काढून ती पाहुण्यांना द्यायचा विचार बरेच जण करतात. कुत्रा चालेल असे सांगितले की विचारणाही वाढते.

अडचण एकच. तलावावर पाहुणा येतो तो पक्षी बघायला, आणि मोकळा सुटलेला कुत्रा पाच मिनिटांत सगळे पक्षी उठवून लावतो. पुढचे सगळे काम हे दोघांची जागा आणि वेळ वेगळी ठेवण्याचे आहे. हे मार्गदर्शन भंडारा, गोंदिया आणि लगतच्या धानपट्ट्यात पहिल्यांदाच खोली काढणाऱ्यांसाठी आहे.

जागा बघताना

तलावाच्या अगदी पाळीवर (मातीच्या बांधावर) खोली नको. पाळीपासून दीडशे-दोनशे मीटर मागे, गावाच्या बाजूला असलेली जागा उत्तम. खोलीच्या दारातून पाणी दिसले की फोटो छान येतो, पण कुत्र्यालाही पाणी दिसते आणि पाण्यावरची हालचालही. पहाटेपासून तो भुंकत राहतो. घर पाळीला लागूनच असेल, तर तलावाच्या बाजूच्या कुंपणाला माणसाच्या उंचीइतकी बांबूची तट्टी लावा. दिसणे बंद झाले की भुंकणे निम्मे होते.

दुसरे म्हणजे रस्ता. खोलीतून निघून तलावाकडे न जाता कुत्रा फिरवता येईल असा एक किलोमीटरभराचा रस्ता लागतो, शक्यतो गावाकडून जाणारा. असा रस्ता नसेल तर कुत्रेवाले पाहुणे घेऊच नका. प्रत्येक फेरी पाळीवरूनच होईल आणि महिनाभरात मासेमारी करणारे ढिवर बांधव तुमच्या दारात उभे राहतील.

तिसरे, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासची जागा असेल तर बांधकामाआधी वनविभागाच्या आणि तहसील कार्यालयात चौकशी करा. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे, व्याघ्र प्रकल्प २०१३ चा. त्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रात नव्या बांधकामावर बंधने आहेत. जुन्याच घराची एक खोली दुरुस्त करणे सगळ्यात सोपे.

कागद

यात फार वेळ जात नाही, पण टाळू नका. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घ्या. पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करा, नागपूरच्या कार्यालयात माहिती मिळते. पाहुण्यांची नोंदवही ठेवा आणि प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत घ्या. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत त्याच्या नोंदणीचा फॉर्म (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) ऑनलाइन भरावा लागतो.

तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. कायद्याने लागो न लागो, पहिली खोली उघडण्याआधी संस्थेच्या अध्यक्षांना भेटून या. जाळी कुठे सुकत घालतात, डोंगे कुठे लागतात, शिंगाड्याचा भाग कोणता, हे विचारून ठेवा. त्या जागा पाहुण्यांच्या नकाशावर ‘इथे जायचे नाही’ म्हणून दाखवायच्या. काठावर पसरलेल्या नायलॉन जाळ्यात कुत्र्याचा पाय अडकला की तो ओढतो, जाळे फाटते आणि पायाला खोल चीर पडते. भांडण होते ते वेगळेच.

आवाराचे कुंपण

खर्च इथे करा. पाहुण्याला कुत्रा मोकळा सोडता येईल अशी एक जागा मिळाली की तो पाळीवर पट्टा सोडत नाही. तीस फूट बाय चाळीस फूट एवढे आवार पुरते.

जाळी साखळीची, दोन इंची चौकटीची, जमिनीच्या वर किमान पाच फूट. खालची एक फूट जाळी आतल्या बाजूला वळवून मातीखाली आडवी गाडा. कुत्रा उकरतो तो जाळीच्या पायथ्याशीच, आणि आडव्या जाळीवर नखे लागली की सोडून देतो. सरळ उभी गाडलेली जाळी लॅब्राडोर चार दिवसांत पार करतो. खांब आठ-दहा फुटांवर. जमीन कन्हार (काळी, चिकण) असेल तर खांबाचा खड्डा किमान दोन फूट घेऊन काँक्रीट भरा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि नुसते ठोकलेले खांब पहिल्याच वर्षी कलतात. खांब कलला की जाळी सैल होते आणि कुत्रा खालून निघतो.

फाटक दुहेरी ठेवा. बाहेरचे फाटक, मध्ये चार-पाच फुटांची मोकळी जागा, मग आतले फाटक. कुत्रा निसटतो तो बहुतेक वेळा सामान उतरवताना, फाटक उघडे असताना. फाटकाखालची फट तीन इंचांपेक्षा जास्त नको. छोट्या जातीचे कुत्रे चार इंचांतून निघतात. कडी बाहेरून आणि आतून दोन्हीकडून लागेल अशी.

आवारात कण्हेर, धोतरा, रुई असेल तर काढून टाका. तलावाच्या कडेने माजणारी बेशरम तर कुंपणाला लावूच नका, ती जनावरांनाही विषारी आणि कुत्र्यांनाही. सावलीला कडुनिंब किंवा करंज ठीक. विहीर असेल तर तिला कठडा असला तरी वर जाळी पाहिजे.

खोली

फरशी गुळगुळीत नको. चकचकीत टाइलवर मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय सरकतात आणि म्हाताऱ्या कुत्र्याला ते फार त्रासाचे होते. कोटा, शहाबादी किंवा खडबडीत टाइल घ्या. न्हाणीकडे हलका उतार ठेवा, म्हणजे खोली पाण्याने धुता येते. भिंतीच्या तळाला चार इंचांची टाइल पट्टी लावा आणि पट्टीच्या वरची फट सिमेंटने बुजवा. ही फट गोचिडांचे घर असते.

खाली जाळीचे आणि वर काचेचे असे दार नको, कुत्रा नखांनी जाळी फाडतो. लाकडी किंवा लोखंडी दार, आणि त्याला बाहेरून दुसरे जाळीचे दार. खिडकीला गज हवेतच.

आता कूलरचे बघा. विदर्भात मार्च ते जून प्रत्येक खोलीत कूलर असतो, आणि कुत्र्याला कूलरचा शॉक लागण्याची भीती खरी आहे. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, खालच्या टाकीतून पाणी प्यायला वाकलेला कुत्रा: पंपाच्या वायरचे आवरण झिजलेले असले की पत्र्यात वीज उतरते. माणूस चपलेवर असतो म्हणून त्याला नुसती झिणझिणी येते, कुत्रा चारही पायांनी ओल्या फरशीवर असतो. म्हणून चार गोष्टी करा. कूलर खिडकीबाहेर, तीन फूट उंच घडवंचीवर ठेवा. प्लग तीन पिनांचा असावा आणि अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत गेलेली असावी, नुसता तिसरा पिन असून उपयोग नाही. खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन आपोआप तोडणारा स्विच) बसवा. आणि महिन्यातून एकदा त्याचे ‘टेस्ट’ बटण दाबून तो पडतो का बघा. पंप जुना झाला की आरसीसीबी वारंवार पडतो, मग वायरमन म्हणतो ‘हा काढून टाकू’. काढू देऊ नका, पंप बदला. पंप अडीच-तीनशे रुपयांत मिळतो.

पाहुण्याच्या कुत्र्यासाठी खोलीत ठेवायचे सामान फार नाही: दोन स्टीलचे जड भांडे (प्लास्टिकचे चावून तुकडे गिळतात), एक धुता येईल अशी सतरंजी, दोन जुने टॉवेल, पाय धुवायला बाहेर नळाशेजारी दगडी ओटा. सहा फुटी पट्टा एक जास्तीचा ठेवा, कोणी ना कोणी विसरतोच. ताणले की लांब होणारा पट्टा वापरू देऊ नका. तो धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) काट्यांत अडकतो आणि कुत्रा किती लांब गेला तेही कळत नाही.

बुकिंगच्या फोनवर काय विचारायचे

पाहुणे प्रेमाने सांगतात की ‘आमचा अगदी शांत आहे हो’. त्यावर विसंबू नका, नेमके विचारा.

रेबीजची लस कधी दिली? पहिली लस तीन महिन्यांच्या वयानंतर, नंतर दरवर्षी. पहिलीच असेल तर २१ दिवस उलटलेले असावेत. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या साथींची एकत्रित लस झाली आहे का? ही विचारणा नुसती औपचारिक नाही. डिस्टेंपर कुत्र्याकडून जंगलातल्या मांसाहारी प्राण्यांकडे जाऊ शकतो, वाघाकडेसुद्धा, आणि तुमची खोली व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी आहे. लसीच्या पुस्तिकेचा फोटो आधीच मागवा. पार्व्होमुळे तीन महिन्यांच्या आतले पिलू घेऊ नका.

मादी असेल तर माजावर आहे का? हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. माजावरची मादी आली की गावातले दहा-पंधरा कुत्रे रात्रभर फाटकाशी बसतात, भांडतात, आणि शेजाऱ्यांची झोप जाते. तीन आठवडे थांबा असे सरळ सांगा.

कोंबड्या-बकऱ्यांमागे धावतो का? शहरातल्या कुत्र्याने कोंबडी कधी पाहिलेली नसते. त्यामुळे उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तेव्हा ‘धावतो’ असेच धरा. नुकसान भरपाई आधीच लिहून ठेवा: कोंबडी मेली तर गावातला चालू भाव त्याच दिवशी, बकरीला इजा झाली तर उपचाराचा खर्च. पाहुण्याची सही घ्या. नंतर भाव ठरवायला बसले की गावातला संबंध बिघडतो, पाहुणा काय, निघून जातो.

रेल्वेने येणाऱ्याला सांगा की कुत्रा सोबत ठेवायचा तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे लागतो, नाहीतर ब्रेक व्हॅनमधल्या पेटीत न्यावा लागतो आणि पार्सल कार्यालयात आधी नोंद करावी लागते. उन्हाळ्यात ब्रेक व्हॅन कुणालाच सुचवू नये. नवेगावबांधला रस्त्याने येणे सोपे: नागपूर-रायपूर महामार्गाने साकोलीवरून कोहमारा, तिथून उजवीकडे.

पक्षी कधी, कुठून, कसे

पाहुण्याला जाग येण्याआधी तुम्हाला तुमचा तलाव पाठ पाहिजे. मालगुजारी तलाव, म्हणजे धानाच्या पाण्यासाठी बांधलेला इथला जुना तलाव, वर्षभर एकसारखा नसतो. पावसात तो भरतो, सांडवा वाहतो. धानाला पाणी सोडत गेले की हिवाळ्यात उतरू लागतो आणि फेब्रुवारीपर्यंत कडेने चिखलाची पट्टी उघडी पडते. पाण्याची पातळी बदलली की पक्षी बदलतात, आणि कुत्र्याने काय बिघडते तेही बदलते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उघड्या पाण्यावर बदके: तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक, लालसरी. हळदी-कुंकू आणि अडई इथलेच. वारकऱ्यांचे काळे थवे तर सहज दिसतात. थंडी वाढली की काही तलावांवर पट्टकादंब उतरतात. ही बदके दिवसा पाण्यावर झोपतात आणि रात्री चरतात. त्यामुळे दिवसा चार वेळा उठवली की त्यांची विश्रांती मोडते, आणि आठवडाभर असे झाले की थवा शेजारचा तलाव धरतो. मग तुमच्या खोलीला पक्षी पाहणारा पाहुणा राहत नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल चिखलाच्या पट्टीवर तुतवार, चिखल्या, शेकाटे, करकोचे. मार्चपासून टिटवीची अंडी उघड्या मातीवर असतात, खडे वाटावेत अशी. माणूस त्यावर पाय देतो आणि कुत्रा ती हुंगून खातो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की अंडी जवळ आहेत, आल्या पावली मागे फिरायचे.

जुलै ते सप्टेंबर कमळपक्षी पानांवर अंडी घालतो, जांभळी पाणकोंबडी देवधानात घरटे करते, आणि सारस बांधीत (धानाच्या खाचरात) किंवा बोडीत (छोट्या तळ्यात). महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदिया-भंडारा पट्ट्यातच उरले आहेत आणि तेही थोडे. जोडी बहुधा दोन अंडी घालते, नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात, पिलू उडायला पुढे जवळजवळ तीन महिने लागतात. एवढा काळ घरटे जमिनीवर, सगळ्यांच्या वाटेत असते आणि मोकाट कुत्री हा त्याला मोठा धोका. म्हणून नियम साधा ठेवा: या महिन्यांत कुत्रा घेऊन बांध्यांच्या धुऱ्यावर जायचे नाही. घरटे कुठे आहे हे पाहुण्याला सांगायचे नाही, फोटोसाठी कितीही आग्रह झाला तरी. रस्त्यावरून चरणारी जोडी दिसली तर ती बघावी. सारसाने मान उंच ताणली आणि चरणे थांबवले म्हणजे तुम्ही जास्त जवळ आहात. तो चालू लागायच्या आत मागे सरका.

उभे राहायची जागा उजेडावर ठरते. सकाळी तलावाच्या पूर्व काठावर, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि समोरच्या बदकाचे रंग दिसतात. पश्चिम काठावरून सकाळी नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात, आणि नवखा पाहुणा म्हणतो की सगळी बदके सारखीच आहेत. संध्याकाळी उलटे. पाळीच्या उंचीवर सरळ उभे राहू नका, आभाळावर माणसाची आकृती उमटते आणि पक्षी लांब सरकतात. पाळीच्या उतारावर, झाडाच्या बुंध्याशी, माणसाच्या उंचीपेक्षा थोडी उंच आणि आठ फूट लांब तट्टी लावा. तिला बसल्या उंचीवर आणि उभ्या उंचीवर अशा दोन आडव्या खिडक्या कापा, प्रत्येकी सहा इंचांच्या. मागे एक बाक. खर्च हजार-दीड हजार, आणि पाहुणा यावरच खूश होतो. तट्टी लावण्याआधी तलावाच्या मालकाची किंवा ग्रामपंचायतीची संमती घ्या.

दुर्बीण ८ बाय ४२ ची (आठ पटीची, ४२ मिलिमीटर भिंगाची) एक तरी खोलीत ठेवा. १० पटीची हाताने स्थिर राहत नाही, आणि नवख्याला पक्षी सापडतच नाही.

आता वेळ. हिवाळ्यात या भागात सूर्योदय पावणेसातच्या आसपास. सहा ते साडेआठ तट्टीमागे पक्षी बघायचे, कुत्रा खोलीत, आणि पाहुण्यांपैकी एक जण त्याच्यासोबत. कुत्रा फिरवायचा सात वाजल्यानंतर, गावाकडच्या रस्त्याने. मग अदलाबदल. दोघेच पाहुणे असले तरी हे जमते, आणि आळीपाळीने जायला तयार नसलेल्यांना कुत्रा घरी ठेवून या म्हणावे. कुत्र्याला खोलीत एकटा कोंडून दोघेही गेले की तो तासभर भुंकतो. त्याला पाळीवर घेऊन जायचेच असेल तर दुपारी अकरा ते तीन या वेळात (उन्हाळा सोडून), सहा फुटी पट्ट्यावर, आणि सांडव्याच्या बाजूच्या ठरलेल्या टप्प्यापर्यंतच. पाण्यात सोडायचा नाही. पक्ष्यांचे आहेच, शिवाय गळ, जाळी आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्यातून होणारा आजार) हेही आहे.

व्याघ्र प्रकल्पात सफारीला जाणाऱ्यांचा कुत्रा आत नेता येत नाही, गाडीत बसवूनही नाही. त्या चार तासांसाठी तुम्ही तो सांभाळणार की नाही हे आधी ठरवा. सांभाळणार असाल तर तुमच्या घरातल्या ज्या माणसाला कुत्र्याची भीती नाही त्याचेच नाव पाहुण्याला सांगा, आणि त्याची कुत्र्याशी ओळख आदल्या संध्याकाळी करून द्या.

रात्र आणि जंगलाची कड

बिबट गावात येतो तो बहुतेक वेळा कुत्र्यासाठीच. छपरीत साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला वाढलेले ताट. सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत कुत्रा बंद खोलीत, आवारातही नाही. पाच फुटी जाळी बिबट सहज उडी मारून येतो. रात्री लघवीला बाहेर काढायचाच असेल तर दिवा लावून, पट्ट्यावर, दोन माणसांनी, दारापासून दहा पावलांत. कुत्र्याचे उरलेले अन्न बाहेर ठेवू नका, त्यावर गावची कुत्री येतात आणि त्यांच्यामागे बिबट.

मार्च-एप्रिलात मोहफुले पडतात तेव्हा पहाटे अस्वले मोहाखाली असतात. मोकळा कुत्रा अस्वलावर भुंकतो, अस्वल अंगावर आले की घाबरून मालकाकडे पळत येतो, आणि अस्वल त्याच्या मागोमाग. मोहाच्या झाडांकडची वाट या दोन महिन्यांत सकाळी आठपर्यंत बंद.

रानडुकरांसाठी काही ठिकाणी शेतात फासे लावतात, तारेत वीज सोडतात, गावठी बॉम्ब ठेवतात. हे सगळे बेकायदा आहे, पण आहे. बॉम्बला खाण्याचा वास लावलेला असतो, कुत्रा तो तोंडात धरतो. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिषही धुऱ्यावर असते. या सगळ्यावर उपाय एकच: पट्टा, आणि ‘जमिनीवरचे काही उचलू देऊ नका’ ही पाटी फाटकावर मोठ्या अक्षरात. पाहुण्याला कारण सांगा. नुसता नियम वाचून तो पट्टा सोडतो, कारण कळले की सोडत नाही.

गावच्या कुत्र्यांची टोळी दिसली तर पळायचे नाही, कुत्र्याला उचलून डोक्यावरही घ्यायचे नाही. पट्टा आखूड करून वळायचे आणि शांतपणे चालत राहायचे. हातात काठी असावी, ती उगारायला नव्हे, मध्ये आडवी धरायला.

ऊन

एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना या दोन महिन्यांत सरळ नाही म्हणा. बाकीच्यांना सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आधी बाहेर काढू देऊ नका. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याचे पंजे भाजतील.

कुत्रा जोरजोरात धापा टाकतोय, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक, चाल लटपटती: ही उष्माघाताची लक्षणे. सावलीत आणा, अंगावर साधे पाणी ओता, विशेषतः पोट, जांघा आणि पंजे, आणि पंखा लावा. बर्फाच्या पाण्यासाठी थांबू नका. ओला टॉवेल पांघरून तसाच ठेवू नका, तोही उष्णता अडवतो. कुत्रा सावरल्यासारखा वाटला तरी डॉक्टरला दाखवायचाच.

जेवण

पाहुण्यांसाठी केलेले सावजी मटण कुत्र्याला घालू नका. तिखटाचे सोडा, कांदा-लसूणच त्याला घातक आहे. मनुका, द्राक्षे, चॉकलेट हेही नाही. मीठ-मसाला न घातलेला भात आणि उकडलेले चिकन, हाडे काढून, एवढेच स्वयंपाकघरातून द्यायचे. तळ्यातल्या मासळीचे काटे घशात अडकतात. मोहफुले वाळत घातली असतील तर ती उंचावर ठेवा, आंबलेली फुले खाऊन कुत्र्याला नशा चढते.

पाहुणा गेल्यावर

आधी केस झाडून घ्या, मग साबणाच्या पाण्याने फरशी धुवा, मग ब्लीच. उलटे केले तर ब्लीच घाणीवरच खर्च होते. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग, दहा मिनिटे ओले ठेवून मग धुऊन काढा. पार्व्होचा विषाणू साध्या फिनाइलने मरत नाही. लघवीच्या जागी अमोनियावाला क्लीनर वापरू नका, त्याचा वास लघवीसारखा असतो आणि पुढचा कुत्रा तिथेच करतो. तिथे पाणी मिसळलेले व्हिनेगर चालते. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र मात्र कधीही नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

विष्ठा तलावात किंवा नालीत नको. विहिरीपासून आणि तलावापासून किमान पन्नास फुटांवर तीन फूट खोल खड्डा करा, दर वेळी वर माती आणि चुना टाका, झाकण ठेवा.

गोचिडांसाठी टॉर्च घेऊन भिंतीच्या कडा, दाराची चौकट, पलंगाचे सांधे बघा. मादी अंगावरून उतरून फटीत शिरते आणि हजारो अंडी घालते, त्यामुळे खोली महिनाभर रिकामी ठेवूनही गोचीड संपत नाहीत. फट बुजवणे हाच टिकाऊ उपाय. गुरांवर मारायचे डेल्टामेथ्रिन खोलीत वापरायचे असेल तर पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणातच, कुत्रा नसताना, आणि धुतलेले पाणी तलावाकडे जाऊ न देता. माशांना ते अत्यंत विषारी आहे. कुत्र्याच्या अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा. रॉकेल, जळती काडी नको.

भिंतीवर लावायचे नंबर

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आणि त्याची वेळ. तिथे मुख्यतः गुरांचे काम चालते, त्यामुळे कुत्र्याचे मोठे दुखणे असेल तर गोंदिया, भंडारा किंवा नागपूर गाठावे लागेल. रात्री नेणारी गाडी कोणाची, हे आधी बोलून ठेवा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२, वनविभागाचा १९२६, रुग्णवाहिका १०८.

कुत्रा कुणाला चावला, मग तो पाहुण्याचा असो की गावचा, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचे नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घ्यायची. पुढच्या तारखा चुकवायच्या नाहीत. पाहुणा गावी परतणार असेल तर उरलेले डोस तिथे घेता येतात, त्यासाठी पहिल्या डोसची चिठ्ठी सोबत द्या. चावणारा कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला मारू नका. दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवायची असते. त्यामुळे पाहुण्याच्या कुत्र्याने गावात कुणाला चावले, तर पाहुण्याचा फोन नंबर चावलेल्या माणसाच्या घरी पोचवा आणि दहा दिवस रोज खबर घ्या.